दाराशी मांडलेल्या दोन खुर्च्या

पोलिसात नोकरी केलेला माणूस भेटला की लोक हटकून विचारतात, "साहेब, तुमची सगळ्यात मोठी केस कुठली?" मोठ्या केसेस तेव्हाच वर्तमानपत्रांत छापून आल्या. त्यांत माझं स्वतःचं असं काही उरलेलं नाही. जी कुठेच छापून आली नाही ती मात्र डोक्यातून जात नाही. कुणाच्या घरी दाराजवळ रिकामी खुर्ची दिसली की आजही माझं पाऊल अडखळतं, आणि नव्वदीच्या दशकातली ती केस पहिल्यापासून आठवायला लागते.

माझा जन्म सिंगापूरचा. वडील रत्नागिरीकडचे, सेम्बावांगच्या गोदीत फिटर. शाळेत इंग्रजी, गल्लीत मलय, पण उंबऱ्याच्या आत मराठीच बोलायची, असा वडिलांचा दंडक. लहानपणी त्याचा वैताग यायचा. नोकरीत उपयोग झाला. ठाण्यात कुणी मराठी खलाशी नाहीतर इंजिनिअर आला की वरिष्ठ त्याला माझ्याकडे ढकलून मोकळे व्हायचे.

एके सकाळी रॅफल्स प्लेसच्या एका तेल-व्यापारी कंपनीतून तक्रार आली. त्यांचा पाहुणा, युक्रेनच्या ऊर्जा खात्यातला मोठा अधिकारी, बेपत्ता होता. तांजोंग पगारला कंपनीनेच त्याची राहायची सोय केली होती. आदल्या दुपारपासून तो तिथे नव्हता.

माणूस साधासुधा नव्हता. काळ्या समुद्राजवळच्या एका शहरात टर्बाइनच्या कारखान्यात पोरसवदा वयात कामाला लागलेला, पाळीचा इंजिनिअर, मग कारखान्याचा प्रमुख. देश नवा झाला आणि सगळीकडे इंधनाची बोंब सुरू झाली, तेव्हा सरकारने त्याला उचलून ऊर्जा खात्यात बसवलं. वीजकेंद्रांसाठी तेल खरेदी करायला तो सिंगापुरात आला होता. फोटोत ओठावर झाडूसारख्या जाड मिशा.

तक्रार लिहून होते न होते तोच निनावी फोन आला. बोलणारा इंग्रजी घाईघाईत बोलत होता. "त्याला मारलंय. एका भारतीय इंजिनिअरने. त्याच्या गाडीची डिकी बघा." नाव सांगितलं, गाडीचा नंबर सांगितला, आणि फोन ठेवला.

माझा वरिष्ठ चिनी, कामाला वाघ, स्वभावाने मिरची. कागदावरचं नाव वाचून माझ्याकडे बघत म्हणाला, "युअर पीपल, आह? यू टॉक टू हिम, लाह."

आम्ही आधी तांजोंग पगारच्या खोलीवर गेलो. बेसिनच्या कडेला रक्ताचे डाग होते. टॉवेल ठेवायच्या दांडीवर एकच टॉवेल होता, जोडीचा गायब. कपडे अर्धे नेलेले, अर्धे तसेच टांगलेले. आणि एक गोष्ट विचित्र वाटली. जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या उचलून बाहेरच्या दाराजवळ, बोळासारख्या जागेत भिंतीला लावून ठेवल्या होत्या. तिथे बसून बघायला समोर कोरी भिंत.

"दार अडवायला लावल्या असतील. आत कुणी घुसू नये म्हणून," वरिष्ठ म्हणाला. मला ते पटलं नाही, कारण दार अडवायचं तर खुर्ची दाराला लावतात, भिंतीला नाही. पण दुसरं काही सुचेना, म्हणून नोंद करून पुढे निघालो.

इंजिनिअर सेम्बावांगच्या गोदीत जहाजांच्या दुरुस्तीवर देखरेख करायचा. पुण्याचा, चाळिशी ओलांडलेला, सडसडीत. गाडीची डिकी उघडायला लावली तशी त्याचा चेहरा उतरला. स्पेअर टायरच्या मागे प्लॅस्टिकच्या पिशवीत रक्ताने माखलेला टॉवेल निघाला. तांजोंग पगारच्या टॉवेलची जोडी.

अपहरण म्हणा की खून म्हणा, आमच्याकडे दोन्हींचा शेवट फासापर्यंत जातो. हे सिंगापुरात राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. त्यालाही माहीत होतं. 

चौकशीच्या खोलीत मी त्याच्याशी मराठीत बोललो. परक्या मुलुखात पोलिसाच्या तोंडून आपली भाषा ऐकली की माणूस घडाघडा बोलायला लागतो, हा माझा नेहमीचा अनुभव. हा बोलेना.

"टॉवेलवर रक्त कुणाचं?"

"त्यांचंच."

"त्यांना काय केलंत?"

"मी काही केलं नाही, साहेब."

"मग ते आहेत कुठे?"

यावर तोंडात मूग. मी चढ्या आवाजात विचारलं, समजुतीने विचारलं, चहा मागवून विचारलं. चहा त्याने घेतला, आणि बोलला तो एवढंच, "उद्या सगळं सांगतो. तुम्ही विचाराल ते सगळं. आज नको."

"अहो, उद्या तुम्हाला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणार! खुनाच्या संशयावरून! घरात बायको आहे, मुलगी आहे. डोकं ठिकाणावर आहे ना?"

त्याचे डोळे भरले. तरी मान नकारार्थीच हलली. आणि मग त्याने विचारलं, "वाजले किती?"

त्या एका प्रश्नावर मी अडकलो. फासाची भीती ज्याला असते तो वकील मागतो, बायकोला निरोप द्या म्हणतो, देवाचं नाव घेतो. हा पठ्ठ्या दर थोड्या वेळाने वेळ विचारत होता. त्याला कशाची तरी वाट बघायची होती, आणि ते कधी घडणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

वरिष्ठाला मी तसं म्हटलं. तो खेकसला, "टॉवेल आहे, रक्त आहे, फोनवर नावही याचंच. यू वॉन्ट व्हॉट सम मोअर?" त्याचंही चूक नव्हतं. पुरावा असा समोर येऊन बसला होता. मला नेमका त्याचाच राग येत होता, कारण इतक्या आयत्या पुराव्याची मला सवय नव्हती.

दुपारी तोच निनावी माणूस पुन्हा फोनवर आला. या वेळी मी स्वतः फोन घेतला.

"डिकीत सापडलं ना?"

"सापडलं," मी म्हणालो.

"मग त्याने सांगितलं का, कुठे सोडलं त्याला ते?"

मी पावती दिल्यासारखं "अजून नाही" म्हटलं आणि फोन ठेवला. ठेवला, आणि मग लक्षात आलं. सकाळी हाच माणूस शपथेवर सांगत होता की मारलंय. मेलेल्याला कुणी कुठे सोडत नाही. याला प्रेत नको होतं, याला जिवंत माणसाचा पत्ता हवा होता, आणि तो शोधायला त्याने आम्हाला कामाला लावलं होतं. शिकारी कुत्र्यासारखं! संताप संताप झाला माझा.

पण संतापाने केस सुटत नाही. इंजिनिअरच्या घराची झडती बाकी होती, ती घ्यायला मी निघालो.

सेम्बावांगला नव्या एचडीबी इमारतीत, म्हणजे सरकारी वसाहतीत, त्यांचा फ्लॅट. दार त्याच्या बायकोने उघडलं. रडून डोळे सुजलेले, पण पदर खोचून उभी. मुलीला शेजारी पाठवलं होतं. मी माझं नाव सांगितलं तशी मराठी ऐकून तिचा धीर सुटला.

"साहेब, हे मुंगी मारत नाहीत हो! आणि त्यांना मारतील? त्यांना? अहो, ते आम्हाला वडिलांच्या जागी आहेत."

"तुम्ही ओळखता त्यांना, वहिनी?"

तेव्हा कळलं. लग्नानंतर लगेच नवऱ्याच्या कंपनीच्या जहाजाच्या बांधणीसाठी दोघं त्या काळ्या समुद्राकाठच्या गावात जाऊन राहिले होते. मुलगी तिथलीच. ऐन बर्फात हिला कळा लागल्या, रस्त्यावर एक वाहन नाही. कारखान्याचा प्रमुख असलेला तो मिशाळ माणूस कारखान्याचा ट्रक घेऊन स्वतः आला आणि चालवत इस्पितळात घेऊन गेला. "बाळंतिणीला डिंकाचे लाडू कुठून मिळणार तिथे? त्यांच्या बायकोने मध आणि अक्रोड पाठवले. आम्ही ते उपकार कसे विसरू, साहेब?"

मी खोल्या बघत होतो आणि ऐकत होतो. निघताना दाराशी आलो तर चपलांच्या फळीशेजारी तीन बुटकी स्टुलं, भिंतीला लावून ओळीने मांडलेली. बसून बघायला समोर कोरी भिंत.

माझ्या पायाला ब्रेक लागला. "ही इथे कशाला?"

"ती होय?" एवढ्या रडण्यातही तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. "ती त्यांचीच खोड. ते गाव सोडताना सामान बांधून आम्ही दाराशी पोचलो, तर म्हणाले, बसा. सगळ्यांनी बसा. विमान चुकेल म्हटलं तरी ऐकेनात. त्यांच्याकडे लांबच्या प्रवासाला निघताना घरचे सगळे घटकाभर गप्प बसतात. निघणाराही आणि मागे राहणारेही. बसला नाही तर वाटेत वाईट होतं म्हणे. तेव्हापासून यांनीही तेच धरलंय. जहाजावर निघाले की मी हातावर दही घालते आणि हे आम्हाला स्टुलावर बसवतात. शेजारणी हसतात मला."

तिला काही कल्पना नव्हती की आपण काय बोलून गेलो. मी मात्र मनाने तांजोंग पगारच्या त्या बोळात उभा होतो. रक्त होतं, पळापळ होती, मागावर माणसं होती, आणि त्या गडबडीत कुणीतरी जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या दाराशी नेऊन ठेवल्या होत्या. ज्याला ओढून नेतात तो असा बसत नाही. आणि ज्याला मारायचंय त्याच्या शेजारी खुर्ची टाकून गप्प बसणारा खुनी मी तरी पाहिलेला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आमची गत झाली होती.

निघताना ती म्हणाली, "सोडाल ना यांना?" मी पोलिसी उत्तर दिलं, "बघतो." ते उत्तर देताना मला माझीच चीड आली.

ठाण्यात येऊन मी तडक त्याच्यासमोर बसलो. वही मिटली.

"तुम्ही दोघं दाराशी खुर्च्यांवर बसला होतात. तो लांब निघाला होता आणि तुम्ही निरोप देत होतात."

त्याने टेबलावर डोकं टेकलं आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. पण रडून झाल्यावरही पत्ता सांगेना. "शब्द दिलाय, साहेब. तुम्हाला कळलं तर तुमच्या कागदावर येणार. कागदावर आलं तर त्यांना कळणार. थोडा वेळ थांबा हो, हात जोडतो."

"थांबायचं कशासाठी? भरतीसाठी?"

मी आपला अंधारात दगड मारला होता. तो इतका दचकला की उत्तराची गरज राहिली नाही. गोदीतल्या माणसाचं पोर आहे मी; जहाज कधी निघतं हे मला कुणी शिकवायला नको. गोदीत फोन करून विचारलं, तर याच्या देखरेखीखाली दुरुस्त झालेलं एक मालवाहू जहाज त्या संध्याकाळी सेम्बावांगहून सुटणार होतं. सगळे खलाशी काळ्या समुद्राकडचे.

वरिष्ठाला मी दोन्ही गोष्टी सांगितल्या, फोनवरचा प्रश्न आणि खुर्च्या.  टोपी उचलत तो म्हणाला, "तिकडे कुणी सापडलं नाही, तर हा माणूस उद्या कोर्टात आणि तू ट्रॅफिकला." आणि स्वतः गाडीत येऊन बसला.

जहाजाची शिडी अजून खाली होती. कप्तानाने खांदे उडवले. असा कुणी माणूस नाही, बघा हवं तर. सबंध जहाज उलथं करायला आमच्याकडे ना वेळ होता ना माणसं. मी खलाशांच्या जेवणघरात गेलो. बॉयलर सूट घातलेले दहा-बारा जण सूप पीत होते. कुणी मान वर केली नाही.

मी मोठ्याने, सोप्या इंग्रजीत बोललो. "माझ्या खोलीत एक इंजिनिअर बसलाय. सकाळपासून त्याने तुमचं नाव घेतलेलं नाही. तुम्हाला मारलं असा त्याच्यावर आरोप आहे. आमच्या देशात त्याला फाशी आहे. तो तुमच्यासाठी गप्प आहे आणि गप्पच राहील. त्याची बायको आत्ता दाराशी उभी आहे. मला एवढंच सांगायचं होतं."

चमचे थांबले. इंजिनाची घरघर तेवढी ऐकू येत होती. वरिष्ठाने घड्याळ बघितलं. मला वाटलं, संपलं. घेतली आपण ट्रॅफिकची बदली.

कोपऱ्यातला एक माणूस उठला. उन्हाने रापलेला चेहरा, आणि नाकाखाली तेवढा पांढराफटक पट्टा. त्यावर वस्तऱ्याची ताजी जखम. वर्षानुवर्षांच्या मिशा घाईत भादरताना ओठ कापला होता. बेसिनमधलं रक्त, टॉवेलवरचं रक्त, सगळं तिथे होतं.

"त्याने हे करायला नको होतं," तो म्हणाला. एवढंच. आणि बॉयलर सूटची बटणं लावत शिडीकडे चालू लागला.

गाडीत त्याने सांगितलं. कंपनी जे तेल देणार होती ते भेसळीचं होतं. टर्बाइनमध्ये हयात गेलेला माणूस, त्याने ते बोटांवर चोळलं आणि ओळखलं. बर्नर चोंदले असते, ऐन हिवाळ्यात वीजकेंद्र बंद पडलं असतं, आणि त्याच वीजकेंद्राच्या गरम पाण्यावर तिकडची घरं ऊबदार राहतात. माल उत्तम आहे अशी सही त्याने करावी म्हणून आधी विनवण्या झाल्या, मग धमक्या. पासपोर्ट कंपनीने 'व्हिसा वाढवायला' म्हणून काढून घेतला होता. स्वतःच्या खात्यात फोन केला तर तिकडूनही सल्ला तोच, सही करा. तेव्हा तो समजायचं ते समजला. रक्ताचा टॉवेल डिकीत टाकून दोघं निघाले ते कंपनीच्या माणसाने पाहिलं, पण पुढे गाडी त्याच्या हातून निसटली.

"आमच्याकडे का नाही आलात?" मी जरा चिडूनच विचारलं.

"मी जिथून आलो," तो शांतपणे म्हणाला, "तिथे संकटात सापडलेला माणूस पोलिसांकडे जात नाही."



त्याला जिवंत समोर बघून इंजिनिअर खुर्चीवरून उठलाच नाही. आधी रागावला. "का आलात? का उतरलात?" मग दोघं गळ्यात पडले. माझा वाघ वरिष्ठ फाइलमध्ये तोंड खुपसून बसला.

पुढचं काम पोलिसी. निनावी फोन रॅफल्स प्लेसच्या त्याच कंपनीतून आला होता. पासपोर्ट तिथल्याच टेबलाच्या खणात मिळाला. पोलिसांना खोटी खबर दिल्याबद्दल एकावर कारवाई झाली, बाकीचे देश सोडून पसार. सही न झालेलं तेल कुठे गेलं, मला माहीत नाही.

त्याला आम्ही विचारलं होतं, काही दिवस इथेच राहता का? तो नाही म्हणाला. जहाजातून लपून जाणार होतो, आता दारातून जातो, आणि तिकडे जाऊन काय झालं ते सांगतो. विमानतळावर नेण्यासाठी गाडी आली. इंजिनिअर, त्याची बायको, सगळे ठाण्यात जमले होते. तिने डब्यातून दही आणलं होतं, ते त्याच्या हातावर घातलं. त्याने चाटून घेतलं आणि म्हणाला, बसा.

आम्ही बसलो. ठाण्यातल्या बाकावर, ओळीने. वरिष्ठ उभाच होता, त्याच्याकडे बघून त्या माणसाने नुसती भुवई उचलली. तोही बसला. फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही.

उठताना त्याने इंजिनिअरच्या बायकोपुढे हात जोडले आणि म्हणाला, "येतो." हा शब्द तिनेच शिकवलेला, त्या बर्फातल्या गावात. आमच्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, म्हणून.

पोलिसाला बोलणारा माणूस आवडतो. खोटं बोलला तरी चालतं, त्यातून काही हाती लागतं. गप्प बसला की आम्ही त्याला गुन्हेगारच धरतो. या केसनंतर मात्र कुणी माझ्यासमोर तोंड मिटून बसला, की हा कुणासाठी गप्प आहे, असं मी आधी स्वतःला विचारू लागलो. कित्येकदा उत्तर 'स्वतःसाठी' असंच निघालं. पण विचारायचं मी सोडलं नाही.

तिकडे त्याने सगळं सांगितलं. खुर्ची गेली, अर्थातच. तो पुन्हा आपल्या कारखान्यात गेला, साध्या इंजिनिअरच्या जागेवर. ख्यालीखुशाली इंजिनिअरकडून कळायची. मिशा पुन्हा वाढवल्या म्हणे.

मग एका रविवारी दुपारी इंजिनिअरचा फोन आला. "भाऊ," तोवर मी साहेबाचा भाऊ झालो होतो, "ते गेले." आजारपण काही नव्हतं. कारखान्यात काम करता करता कोसळले, असं तिकडून कळवलं होतं. यापेक्षा जास्त त्यालाही माहीत नव्हतं. मी विचारलंही नाही. त्या माणसाच्या बाबतीत, आपणहून कोसळले की कुणी पाडलं, हे मला कळून घ्यायचं नव्हतं.

मी सेम्बावांगला गेलो. दार उघडंच होतं. ती दोघं दाराशी स्टुलांवर बसली होती, समोरच्या भिंतीकडे बघत. तिसरं स्टूल रिकामं होतं.  मी चपला काढल्या आणि त्यावर बसलो.